तुम्ही न घेतलेलं औषध

भाऊजी,

काल शेवटचे पाहुणे एस.टी.त बसले आणि घर एकदाचं रिकामं झालं. दहावा, बारावा, तेरावा, सगळं रीतसर पार पडलं. माझे पाय सुजलेत. इतक्या दिवसांत तुमच्यासाठी रडायला म्हणून टेकावं, तर कोणीतरी येऊन विचारायचं, "वहिनी, साखरेचा डबा कुठाय?" त्यामुळे नीट रडणंही झालेलं नाही. आज दुपारी थोडी सवड मिळाली तर रडू येत नाही. म्हणून बोलते.

वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल चार ओळी आल्या होत्या. त्यात वय चुकलं होतं आणि 'मितभाषी' असं लिहिलं होतं. तुम्ही आणि मितभाषी! ह्यांनी ते कात्रण देवाच्या फळीवर ठेवलंय. तुमच्या थोरल्या भावाला तेवढाच आधार. मला त्या ओळींशी काही करायचं नाही. मला आज सकाळी आपल्या ओटीवर जे झालं ते तुम्हाला सांगायचंय, आणि ते सांगायचं तर मागून सुरुवात करायला हवी.

काविळीचं औषध आपल्या घरात किती पिढ्या आहे, देव जाणे. औषधाची मुळी सासूने सुनेला दाखवायची, लेकीला नाही आणि मुलाला तर नाहीच. रविवारी सूर्य वर यायच्या आत ती उगाळायची आणि ताकातून द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा घ्यायचा नाही. आणि दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही. आईंनी, तुमच्या आईंनी, मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुळी दाखवली तेव्हा हा शेवटचा नियम दोनदा बजावला होता.

तुम्ही एम.डी. झालात, बाजारपेठेत लॅब टाकलीत, अख्ख्या जिल्ह्याचं रक्त तपासलंत, पण मुळी कोणती ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मागीलदारी उगाळायला बसले की तुम्ही मुद्दाम तोंड धुवायला येऊन रेंगाळायचात. मी सहाणेवर पदर धरायची.

"वहिनी, वास तरी घेऊ द्या."

"लग्न करा, बायकोला दाखवीन. मग तिच्याकडून काढून घ्या."

यावर तुम्ही नुसते हसायचात.

गुहागरहून, केळशीहून माणसं एस.टी. बदलत बदलत यायची आणि आदल्या रात्री आपल्या ओटीवर पथारी टाकायची. हल्ली रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका असते, म्हणून गावातले लोक तेवढ्यात वाटी तोंडाला लावून पळतात, पण लांबची माणसं अजून तशीच येतात. आणि ती यायची ती कोणाचं नाव ऐकून? तुमचं. तुम्ही मुंबईला शिकत असताना पिवळे होऊन घरी आलात, आईंनी तीन रविवार औषध दिलं आणि तुम्ही खडखडीत बरे होऊन परत गेलात. 'त्यांचा डॉक्टर मुलगासुद्धा त्यांच्याच औषधाने उठला.' याहून मोठी जाहिरात कोणती? हे वाक्य कानावर आलं की तुमचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा व्हायचा.

तेव्हाच्या तुमच्या काविळीचं कारण तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. त्या काळी लॅबमध्ये रक्तातलं पाणी काचेच्या नळीने तोंडाने ओढून मोजायचे. सगळेच ओढायचे, तुमचे सरसुद्धा. कधी चुकून घोट आत गेलाच तर थुंकायचं, चूळ भरायची आणि पुढची नळी उचलायची. रबरी फुगा लावून ओढणाऱ्याला बाकीचे हसायचे म्हणे.

"उसाचा रस प्यायल्यासारखं?" मी विचारलं होतं.

"तितकं गोड नव्हतं, वहिनी."

एकदा तुम्ही डबा घरी विसरलात आणि मी तो घेऊन लॅबमध्ये आले. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. आदल्याच रविवारी आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून तुम्ही मला मुद्दाम मायक्रोस्कोपसमोर बसवलंत. भांडण नेहमीचंच. तुमचं म्हणणं, आमच्या मुळीने कोणी बरं होत नाही, लिव्हर आपली आपण बरी होते. माझं म्हणणं, मग आम्हाला दुवा का देतात?

मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी-जांभळी नक्षी दिसायला लागली. एखाद्या जुन्या लुगड्याचं सूत जवळून बघावं तशी. तुम्ही सांगत होता, ही लिव्हर, ह्या पेशी, ह्या सगळ्या जिवंत असतानाच घेतलेल्या. मध्ये एक आकसलेला, गडद गुलाबी गोळा होता.

"ही मेलेली. हिच्यात काविळीचा विषाणू शिरला होता. शरीराने हिला जायला सांगितलं आणि ही गेली. फुटली नाही, सांडली नाही. आवरून गेली. आता शेजारच्या पेशी हिला खाऊन टाकतील आणि त्यांच्यातलीच एक दुभागून हिच्या जागी बसेल. महिन्या-दीड महिन्याने इथे काही घडलं होतं हे मलाही ओळखता येणार नाही. तोवर तुमचे तीन रविवार झालेले असतात."

मग दुसरी काच लावलीत. तिथे पेशी फुटून, सांडून मेल्या होत्या आणि भोवती जांभळ्या ठिपक्यांची झुंबड उडाली होती. तिसरीवर नुसते पट्टे आणि पट्ट्यांत अडकलेल्या गाठी. ही वर्षानुवर्षं रोज थोडी थोडी मरत राहिलेली लिव्हर, म्हणालात. मेलेल्यांच्या जागा भरता भरता दमते, मग भरायच्या ऐवजी वण धरते, कडक होते. चौथ्या काचेवर मात्र जागाच नव्हती. पेशी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या.

"हा कॅन्सर. इतकी वर्षं मरण आणि भरण, मरण आणि भरण. इतक्या वेळा दुभागताना कधीतरी एकीचं चुकतं. तिला जा म्हटलं तरी ती जात नाही. काहीजण म्हणतात, कॅन्सर म्हणजे नुसती वाढ नाही, मरायला नकार आहे. अजून सिद्ध व्हायचंय. पण मला पटतं."

परदेशात पेशींच्या त्या आवरून मरण्याला नवं नाव दिलंय, असंही म्हणालात. ग्रीक शब्द आहे, पानं गळण्यावरून. मी म्हटलं, त्यात ग्रीकांचं काय एवढं? कलमांचा मोहोर सगळाच धरला तर फांदी मोडेल, हे आपल्या गड्यालाही ठाऊक आहे. तुम्ही खूश झालात. चारजणांना ते माझं म्हणून सांगितलंत.

"म्हणजे मरणं चांगलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"वेळेवर मरणं," तुम्ही म्हणालात, आणि डबा उघडून विचारलंत, "कुळथाचं पिठलं का? वा!"

मग तुम्ही मला शिकवलंत. पोट फुगलं असेल, उजव्या फासळीखाली दगडासारखं लागत असेल, माणूस सारखा पेंगत असेल, किंवा पिवळेपणा महिनोन्‌महिने जात नसेल, तर औषध द्यायचं नाही, तुमच्याकडे पाठवायचं. मी बघायला शिकले. पाठवायलाही लागले. पण औषध देऊन पाठवायची. तुम्ही चिडायचात. "दिलंत की ते येत नाहीत, वहिनी! तीन रविवार वाट बघतात आणि मग येतात." खरं असेल. पण दोन एस.टी. बदलून, रात्रभर ओटीवर कुडकुडून आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी जा म्हणायचं, ते तुम्ही एकदा उंबऱ्यात उभं राहून म्हणून बघायचं होतंत. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. हा वाद आपण पूर्ण केलाच नाही.

आणि लग्न. चिपळूणच्या त्या शिक्षिकेचं स्थळ मी आणलं होतं, आठवतं? मुलगी चांगली होती, तुम्हाला आवडली होती, हे मला तुमच्या भांग पाडण्यावरून कळलं होतं. मग तुम्ही एकाएकी नाही म्हणालात. कारण विचारलं तर म्हणे, मला माझ्या सवयी आहेत. महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नव्हते. त्याच सुमारास तुम्ही स्वतःचं रक्त मुंबईला पाठवलं होतंत, हे मला गेल्या वर्षी कळलं. तुमच्या त्या जुन्या काविळीचा विषाणू थोड्यांच्या अंगात कायमचा राहतो आणि तुम्ही त्या थोड्यांतले निघालात. बायकोला होईल, मुलांना होईल, म्हणून तुम्ही गप्प बसलात. इतकी वर्षं मी तुम्हाला लग्नावरून चिडवत होते, भाऊजी. एकदा तरी सांगायचं होतंत. मी काय गावभर केलं असतं?

गेल्या पावसाळ्यात तुमचा सदरा सैल झाला आणि विजार पोटावर घट्ट. माझ्या लक्षात आलं, कारण बघायला तुम्हीच शिकवलं होतंत. तरी दोघं जेवताना पावसाबद्दल बोलत होतो. मुंबईला सोनोग्राफी झाली, तिथले डॉक्टर म्हणाले की गाठ कापण्याच्या पलीकडे गेलीय, आणि तुम्ही परत आलात तेच हातात हलव्याचा डबा घेऊन. त्या संध्याकाळी तुम्ही मला सगळं सांगितलंत, चार काचा दाखवल्या होत्यात तसंच, क्रमाने. आधी हे, मग ते, आणि आता ही जायला तयार नसलेली.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "वेळेवर मरणं चांगलं म्हणाला होतात ना? पंचेचाळिसाव्या वर्षी म्हणजे वेळेवर का?"

तुम्ही म्हणालात, "नाही. मी पेशींबद्दल बोलत होतो, वहिनी."

त्या एका उत्तरासाठी मला तुमच्याबद्दल किती आदर वाटला, ते बोलायचं राहून गेलं. दुसरा कोणी असता तर मला तत्त्वज्ञान ऐकवलं असतं.

आईंना आपण फक्त कावीळ म्हणून सांगितलं. झालं, रविवारी त्या स्वतः उठल्या. इतकी वर्षं त्यांनी सहाण माझ्या हवाली केली होती, पण त्या दिवशी मला हात लावू दिला नाही. उगाळलं, ताकात कालवलं आणि वाटी घेऊन तुमच्या खाटेशी आल्या. तुम्ही नको म्हणालात.

"अरे, मागे याच वाटीने उठलास ना? नाक धर नि घे."

"आई, मी घेतलं तर मला काही अपाय नाही होणार. पण उद्या गावोगाव होईल, डॉक्टरने शेवटी घेतलंच. मग माझ्यासारखा रोगी असेल तोही आधी आपल्याच ओटीवर येईल आणि हातातले दिवस घालवेल."

"मरो तो गावोगावचा रोगी! माझा मुलगा कोण बघणार?"

तुम्ही त्यांचा हात धरलात, पण वाटी घेतली नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मला तुमचा इतका राग आला, भाऊजी. एका वाटीने काय आभाळ कोसळणार होतं? ज्या माणसाला तुम्ही बघितलेलंही नाही त्याच्यासाठी आईच्या हातचं ताक परतवायचं? पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आमटीत मिसळून द्यावं असं माझ्या मनात आलं होतं. तुम्हाला ते कळलं असावं, कारण पानावर बसलात की विचारायचात, "वहिनी, आमटी आमटीच आहे ना?" मी म्हणायची, "चिंचगूळ आहे, भीती वाटत असेल तर राहू द्या." आणि तुम्ही भुरका मारायचात. शेवटी शेवटी तेवढंच काय ते पोटात जात होतं.

तुम्ही बरोबर होतात की नुसते हट्टी, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी आईंनी मला एकच वाक्य ऐकवलं. "तू द्यायचं होतंस. भातात कालवून द्यायचं होतंस." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट ठेवलं तर जेवायच्या, पाणी दिलं तर प्यायच्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, औषध घेतलं असतं तर उठला असता, मागे नव्हता का उठला. मी आतून ऐकायची. खरं सांगायला गेले असते तर त्यांच्याकडे काय उरलं असतं? माझ्यावर रागावून का होईना, त्या उभ्या तरी होत्या. पण मी दमले. तुमच्या मागे मला दोष घेऊन पोहे परतायचे होते आणि ते मी केलं.

आज सुतक संपल्यावरचा पहिला रविवार. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. पहाटे दार उघडलं तर ओटीवर दोघं. गुहागरकडचा माणूस, असेल चाळिशीचा, मुंबईला कामाला, आणि त्याची बायको. तो भिंतीला टेकून पेंगत होता. डोळे हळदीसारखे, हातापायांच्या काड्या आणि पोट तट्ट फुगलेलं. कंदील वर करून बघितलं. तुम्हीच बसला आहात असं वाटलं मला.

मी आत गेले. सहाण काढली. पुन्हा ठेवली. देणार होते की नव्हते, खरंच सांगता येत नाही. इतक्या वर्षांचा हात आपसूक मुळीकडे जातो. आणि तुमचा आवाज कानात, दिलंत की ते येत नाहीत. मी तशीच मागीलदारी उभी राहिले. तेवढ्यात काठीचा आवाज आला. आई बाहेर निघाल्या होत्या.

मी मागोमाग आले. आई त्या माणसाजवळ खाली बसल्या, बसायला किती वेळ लागतो त्यांना ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा सदरा वर केला. उजव्या फासळीखाली हात ठेवला आणि दाबून बघितलं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण तुमच्या अंगाला शेवटचे दोन महिने तेल त्यांनीच लावलं होतं, भाऊजी. त्या हाताला ती गाठ ओळखीची होती.

सदरा त्यांनी पुन्हा खाली ओढून सारखा केला. मग म्हणाल्या, "याला आमचं औषध नको. याला इस्पितळात न्या. आत्ताच्या आत्ता."

बाई रडकुंडीला आली. "आजी, असा नका म्हनू. लय लांबसून आलाव. वाईच द्या, मंग नेतो इस्पितलात."

"नाही म्हटलं ना? घेतलंत की इथेच वाट बघत राहाल."

"तुमच्या डॉक्टराला गून आला व्हता ना? आमच्या गावात समदी सांगतात."

मी पुढे झाले. आईंना आत न्यावं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. पण त्यांनी मला हाताने थांबवलं.

"गुण नव्हता आला, बाई," त्या म्हणाल्या. "आम्हाला तसं वाटलं. ते दुखणं त्याच्या पोटातच राहिलं होतं. माझा मुलगा त्यानेच गेला. जा, सांग तुझ्या गावात."

त्या बाईने आमच्या दोघींकडे बघितलं आणि नवऱ्याला उठवलं. ह्यांनी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात पोचवलं. तो माणूस वाचेल असं मला वाटत नाही. उशीर झालाच आहे. पण हे त्याच्या गावात आता सांगितलं जाईल.

आई तिथेच जमिनीवर बसून होत्या. मी उठवायला गेले तर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू कालवून दिलं असतंस तरी तो गेला असता, होय ना गं?"

मी हो म्हटलं. मग त्या रडल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदरही न घेता, ओटीवर, उजेडात.

भाऊजी, 'गुण नव्हता आला' हे तुम्हाला आईंच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही ऐकलंत की नाही मला ठाऊक नाही, म्हणून सांगितलं.